दोन सुतांचा हिशोब: माझा पहिला सर्फबोर्ड

आमचं घर हर्णैचं. समुद्रात आत जायचं ते मासेमारी करणाऱ्यांनी. बाकीच्यांनी फार तर गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि लाटेकडे पाठ करायची नाही, एवढंच समुद्राचं शिक्षण मला मिळालं. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मी सिडनीत सर्फिंग शिकायला लागलो तेव्हा आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कंपनीने सांगितलंय का?"

कंपनीने सांगितलं नव्हतं. शेजाऱ्याने नेलं, तीन वर्षं पडत-धडपडत शिकलो आणि २०२३ च्या मध्यावर एका जागी अडकलो. माझी उंची सहा फूट एक इंच, वजन ब्याण्णव किलो. माझ्याकडचा जुना बोर्ड माझ्याखाली बुडाल्यासारखा व्हायचा आणि शिकाऊ लोकांचा मोठा फोमचा बोर्ड वळवायचा म्हणजे एसटी वळवण्यासारखं. त्याच सुमारास मी सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फर आणि बोर्ड घडवणाऱ्या कारागिराबद्दल वाचत होतो. नॅरबीन हा त्याचा किनारा आणि तो माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, एवढंच सुरुवातीचं कारण.

माणूस माझ्यासारखाच धिप्पाड. सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्पर्धांमध्ये मार्क रिचर्ड्सचं राज्य होतं. तोही स्वतःचे बोर्ड स्वतः घडवणारा. फिन म्हणजे बोर्डाच्या खाली शेपटीकडे लावलेलं माशाच्या पंखासारखं पातं. दोन फिनच्या बोर्डवर त्याने १९७९ ते १९८२ असे सलग चार जागतिक किताब घेतले. दोन फिनचा बोर्ड चपळ, पण लाट मोठी झाली की मागून घसरतो, आणि वर अँडरसनसारखा गडी असेल तर जास्तच. त्याआधीचा एका फिनचा बोर्ड पकड धरायचा, पण वळायला हट्टी. अँडरसनने १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच बेल्स बीचची स्पर्धा जिंकलेली होती, तरी या दोन फिनच्या जमान्यात तो मागे पडत चालला होता. ऑक्टोबर १९८० मध्ये त्याने फ्रँक विल्यम्स नावाच्या दुसऱ्या कारागिराच्या बोर्डवर दोन फिनच्या मागे एक लहानसा तिसरा फिन पाहिला. त्यावरून त्याने तिन्ही फिन सारख्या मापाचे करून बघितले. त्याला नाव दिलं थ्रस्टर. १९८१ च्या ईस्टरला बेल्सला प्रचंड लाटा आल्या आणि हा त्याच बोर्डवर जिंकला. मग सिडनीची सर्फअबाउट स्पर्धा, मग वर्षअखेरीस हवाईतली पाइपलाइन मास्टर्स. पेटंट घेतलं नाही. आज कुठल्याही किनाऱ्यावर उभे राहा, निम्म्याहून जास्त बोर्डांखाली तेच तीन फिन दिसतील.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे की बोर्ड चुकलाय की बरोबर आहे हे त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं. सकाळी कारखान्यात घासायचा, दुपारी पाण्यात न्यायचा, आणि स्पर्धेत सगळ्यांदेखत निकाल. माझे वडील सुतार. ते केलेल्या खुर्चीवर आधी स्वतः बसून बघायचे, मग गिऱ्हाईकाला द्यायचे. तेव्हा मनात आलं, एक बोर्ड आपण करावा आणि त्याच बोर्डवर एखादी छोटी का होईना, स्पर्धा खेळावी.

आता प्रत्यक्ष काय-काय करावं लागलं ते सांगतो.

ब्रुकव्हेल नावाचा आमच्याकडे औद्योगिक भाग आहे. पन्नास-साठच्या दशकात ऑस्ट्रेलियातले मोठे बोर्डवाले इथेच होते. आता त्या शेडांमधून बिअर गाळतात, तरी अजून काही वर्कशॉप टिकून आहेत. जुलैत चार ठिकाणी ईमेल केले. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने "आम्ही शिकवत नाही" म्हणून कळवलं. चौथ्याने लिहिलं, दोन दिवसांचं शिक्षण, ७८० डॉलर, त्यात फोमचा ठोकळा आणि हत्यारं आली. अकरा आठवड्यांची वाट. दोनशे डॉलर आगाऊ भरले आणि ७-८ ऑक्टोबरची तारीख घेतली. सोबत तीन पानांचा फॉर्म: दमा आहे का, धुळीची अ‍ॅलर्जी आहे का, यंत्राने बोट कापलं तर जबाबदारी माझी. दम्याच्या रकान्यात "लहानपणी" असं प्रामाणिकपणे लिहिलं तर डॉक्टरची चिठ्ठी मागितली. त्यात आणखी आठवडा गेला. पण ती अट बरोबरच होती, पुढे रेझिनचा, म्हणजे बोर्डावर चढवायच्या, नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, वास घेतल्यावर कळलं. चांगला मास्क, म्हणजे रासायनिक वाफा अडवणाऱ्या डब्या लावलेला, ६२ डॉलरला मिळाला. कागदी मास्कवर भागवायला जाऊ नका.

अकरा आठवडे नुसते बसून काढले नाहीत. बोर्डाचं माप आधी ठरवावं लागतं. माझं झालं सहा फूट आठ इंच लांब, एकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड. गंमत अशी की ऑस्ट्रेलियाने मेट्रिक मापं घेऊन पन्नास वर्षं झाली, पण सर्फबोर्ड अजून फूट-इंचातच चालतो. मला ते फार सोयीचं झालं. बाबा आयुष्यभर इंच आणि सूत यातच बोलले. आठ सुतांचा एक इंच. फोनवर त्यांना मापं सांगितली तर कागद न घेता म्हणाले, "मधे एकवीस नि शेपटीला पंधरा? म्हणजे होडीच की रे, नाळ बसकी केलेली."

सात तारखेला सकाळी आठला पोहोचलो. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणत होतो, तेच नाव इथे ठेवतो. घासायची खोली म्हणजे एक अरुंद बोळ. भिंती गडद निळ्या, आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर आडव्या ट्यूबलाइट. डोक्यावर दिवाच नाही. मास्तरांनी पांढरा ठोकळा घोड्यांवर ठेवला आणि कारण आपोआप कळलं. बाजूने प्रकाश पडला की फोमवरचा तांदळाएवढा उंचवटासुद्धा सावली टाकतो. वरून दिवा असता तर सगळं गुळगुळीत दिसलं असतं.

काम असं चालतं. प्लायवुडचा अर्ध्या बोर्डाचा साचा असतो. ठोकळ्याच्या बरोबर मधोमध लाकडाची उभी पट्टी घातलेली असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. साचा त्या पट्टीला लावून एका बाजूची रेघ मारायची, उलटा करून दुसऱ्या बाजूची, म्हणजे दोन्ही अंगं सारखी येतात. करवतीने कापायचं. मग विजेच्या रंध्याने जाडी उतरवायची. मग कडा. कडा गोल करताना मास्तरांनी आधी एक तिरकी पट्टी काढली, मग तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन, आणि मला म्हणाले, आता हे पैलू मोडत जा. मला हसू आलं. चौकोनी पायाचा गोल पाय करताना बाबा आधी आठ पैलू काढतात, मग सोळा, मग कानस. हे तेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्ट्रिंगरपाशी अडलो. फोम मऊ, लाकूड कडक. पॉलिश पेपर फिरवला की दोन्ही बाजूंचा फोम उतरतो आणि मधली पट्टी शिरेसारखी वर राहते. ती लहान रंध्याने वेगळी उतरवावी लागते. मी पिशवीतून बाबांचा टीचभर रंधा काढला. गेल्या खेपेला गावाहून येताना सामानात टाकला होता, कशासाठी ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी तो हातात घेतला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, परत दिला. पहिला हात मी शेपटीकडून नाकाकडे मारला तर पट्टीचा कपचा निघाला. रेषा उलटी होती. बाजू बदलली, नाकाकडून शेपटीकडे ओढला, आणि पातळ, कागदासारखी, गोल वळलेली साल निघाली. पूर्ण साडेसहा फूट. मी तिचा फोटो काढून बाबांना पाठवला. बोर्डाचा फोटो पाठवायचा राहिला.

आठ तारखेला संध्याकाळी सहाला घासलेला फोम हातात होता. वजनाला काहीच नाही, आणि अंगठा जरा जोरात टेकला तरी खळगा पडतो. गाडीत नेताना माझ्या घड्याळाने एक पडलाच.

मग काचेचं काम, म्हणजे फोमवर काचेचं कापड पसरून ते रेझिनने चिकटवायचं आणि कडक कवच करायचं. इथे सावध करतो: घासायला सगळे उत्साहाने येतात, पण बोर्ड बिघडतो तो इथे. बरेच जण फोम घासतात आणि काच व्यावसायिक माणसाकडून चढवून घेतात. मला सगळं करायचं होतं. सामान २४० डॉलरचं: पॉलिएस्टर रेझिन, काचेचं कापड, ते कडक करणारं रसायन. २८ ऑक्टोबरला मास्तरांच्याच शेडमध्ये खालची बाजू करायला घेतली. उकाडा होता. रसायन किती घालायचं हे हवेवर ठरतं. गरम दिवशी लिटरला दहा मिलीलिटर पुरे, असं मास्तरांनी सांगितलं होतं. मी घाबरलो, न वाळलं तर काय, आणि वीस घातलं. कापड पसरून, रेझिन ओतून, मधून बाहेर खरवडत नेतोय तोवर आठव्या मिनिटाला ते जेली झालं. भांड्यात उरलेलं धुमसायला लागलं. डाव्या कडेला कापड खाली दुमडायचं होतं तिथे तीन सुरकुत्या तशाच गोठल्या. मास्तरांनी मास्क न काढता मान हलवली आणि ते धुमसणारं भांडं उचलून बाहेर वाळूत नेऊन ठेवलं. सुरकुत्या नंतर घासून काढल्या, वर ठिगळ लावलं. अजून दिसतं. उन्हात वाळणारं रेझिनही मिळतं, त्यात सावलीत हवा तेवढा वेळ हाताशी राहतो. पहिल्या खेपेला तेच घ्या.

२९ ला वरची बाजू, दुहेरी कापड. ४ नोव्हेंबरला फिन. आणि माझी खरी चूक या दिवशी झाली.

हल्लीचे फिन खाचेत बसवायचे आणि स्क्रूने आवळायचे असतात. मी हट्टाने कायमचे चिकटवायचे घेतले, कारण अँडरसनच्या वेळी तसे असत. मागचा फिन मधोमध, शेपटीपासून साडेतीन इंचांवर, दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर. पुढचे दोन कडेला, साधारण साडेअकरा इंचांवर. त्यांची आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर, आणि ते सरळ उभे नसतात. पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा पाव इंच आत वळलेलं असतं. पाव इंच म्हणजे दोन सूत. पाणी त्या तिरकेपणावर दाबलं जातं आणि त्यातून जोर मिळतो. रेघा मी चार वेळा मोजून मारल्या. फिन रेझिनच्या ठिपक्यांवर उभे केले, चिकटपट्टीने ताणून धरले आणि चहा प्यायला गेलो. उजवीकडची पट्टी तेवढ्यात सैल पडली असणार. आल्यावर मी पुन्हा मोजलं नाही. वर काच चढवली.

११ ला सगळा बोर्ड घासला. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २४० पाण्यासकट. काचेची धूळ हातावर कोपरापर्यंत बसते, दिसत नाही. दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, दिवाळीची पहिली अंघोळ. बायकोने प्रेमाने उटणं लावलं, वर कडकडीत पाणी. तो तास मी विसरणार नाही. काचेची धूळ अंगावर असेल तर आधी गार पाण्याने, न चोळता धुवायचं असतं. लक्ष्मीपूजनाला मी हात वर धरून बसलो होतो.

२५ नोव्हेंबरला बोर्ड पाण्यात. कमरेएवढ्या लाटा, माणसं कमी. पहिली लाट मिळाली, उभा राहिलो, आणि बोर्ड मला उचलून धरत होता! तीन वर्षांत पहिल्यांदा पायाखाली काहीतरी आहे असं वाटलं. मग जाणवलं की सरळ जायचं ठरवलं तरी नाक हळूहळू डावीकडे जातंय. दुसऱ्या लाटेला तेच. दहाव्या लाटेपर्यंत उजवा पाय दुखायला लागला. घरी येऊन उलटा केला, मोजपट्टी लावली. डावा फिन दोन सूत आत. उजवा जवळजवळ सरळ.

बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "चहाला गेलास ना?" त्यांच्या दुकानात एकदा मीच पकडलेली चौकट हलली होती आणि मी चहा आणायला गेलो होतो. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

२ डिसेंबरला फिन कापून काढला. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण करवतीने तळाशी कापतात, घासतात, नवीन चिकटवतात. मास्तरांनी जागेचे आणि सामानाचे ८५ डॉलर घेतले. या वेळी मी स्टूल घेऊन समोर बसून राहिलो. १६ डिसेंबरला बोर्ड परत मिळाला आणि सरळ जायला लागला. एकूण खर्च, फिनचे ११० धरून, १,२७७ डॉलर. एवढ्यात दुकानातला नवा बोर्ड आला असता आणि वर एक जेवण. पैसे वाचतील म्हणून या फंदात कुणी पडू नये.

मधल्या एका रविवारी सिडनीतल्याच फ्रेशवॉटर किनाऱ्यावर जाऊन आलो. हवाईचा ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकूने १९१४-१५ च्या इथल्या उन्हाळ्यात पाइनच्या लाकडातून स्वतः बोर्ड घडवला आणि इथल्या लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. तो बोर्ड तिथल्या जीवरक्षक क्लबने जपून ठेवलाय. फिन नाही, नुसती फळी. मी बराच वेळ कडा बघत होतो. पूर्वी अशा वेळी मी फक्त माहितीचा फलक वाचायचो.

आता स्पर्धा. इथे प्रत्येक किनाऱ्याला सर्फिंगचा क्लब असतो आणि तो महिन्याला एक रविवार आपसात स्पर्धा घेतो. नवख्यांनाही घेतात, हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं. नोव्हेंबरात फॉर्म भरला. वर्गणी १२०, त्यात विमा. पण विम्याची नोंदणी वेगळ्या संकेतस्थळावर करायची आणि तिथला नंबर क्लबच्या फॉर्मवर टाकायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पैसे गेले, नंबर आला नाही. तीन ईमेल आणि एकोणीस दिवसांनी तो माझ्याच स्पॅममध्ये सापडला. तोवर डिसेंबरची स्पर्धा झाली, जानेवारीत सुट्टी. तेव्हा नंबर आला नाही तर आधी स्पॅम बघा, मग चिडा. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, "रेग्युलर की गूफी?" मला वाटलं स्वभाव विचारतायत. डावा पाय पुढे ठेवणारा रेग्युलर, उजवा पुढे ठेवणारा गूफी. मी गूफी. बायको म्हणाली, हे त्यांना फॉर्म न भरताही कळलं असतं.

१८ फेब्रुवारी २०२४. सकाळी साडेसहाला हजेरी, नाहीतर नाव कटतं. चाळिशीवरच्या गटात माझी फेरी आठ-वीसला. चौघं पाण्यात, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बनियन. मला पिवळा. वीस मिनिटं. लाटा कितीही घ्या, उत्तम दोनच मोजतात, प्रत्येकीला दहापैकी गुण. भोंगा वाजला आणि माझं तोंड कोरडं पडलं, चहूकडे पाणी असताना. पहिली अकरा मिनिटं मी एकही लाट घेतली नाही. प्रत्येक लाट दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. मग एक घेतली, उजवीकडे गेलो, एक बऱ्यापैकी वळण मारलं. २.३. शेवटच्या मिनिटाला दुसरी, १.७. एकूण चार. पहिला आलेला गडी अकराच्या वर होता, छपन्न वर्षांचा, व्यवसायाने प्लंबर. बाहेर आल्यावर त्याने माझा बोर्ड उलटा केला, कडेचं ठिगळ बोटाने दाबलं आणि विचारलं, "स्वतः केलास? फिन चिकटवलेत? वेडा आहेस."

हरलेल्याने पुढच्या फेरीला परीक्षक म्हणून बसायचं, अशी आमच्या क्लबची पद्धत आहे. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. ओल्या कपड्यांत, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. पण या अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं तीन वर्षांत कळलं नव्हतं. पाण्यात असताना आपल्याला फक्त आपले पाय दिसतात. किनाऱ्यावरून दिसतं की चांगला माणूस लाटेच्या तळाशी थांबतो, बोर्डाला कडेवर झोपवतो, मागचा फिन धरतो, आणि पुढच्या फिनवरून सुटतो. तीन फिन कशासाठी, हे मी वाचलं होतं, चिकटवलं होतं, कापून पुन्हा चिकटवलं होतं. दिसलं तिथे, खुर्चीत. आणि माझा बोर्ड शेपटीकडे फार जाड आहे, म्हणून तो कडेवर झोपत नाही, हेही.

मार्चमध्ये मास्तरांकडून दुसरा ठोकळा आणला. या वेळी शेपटी तीन सूत पातळ. हवा थंड होईपर्यंत थांबलो आणि मे महिन्यात काच चढवली, रसायन मोजून. फिन पुन्हा कायमचेच, प्लंबरला काय म्हणायचं ते म्हणू दे. उभे केले, पट्ट्या ताणल्या, चहा थर्मासमध्ये भरून आणला होता. सुकायच्या आत वरून एक फोटो काढला आणि बाबांना पाठवला, मध्ये स्टीलची पट्टी ठेवून.

पाच मिनिटांनी फोन आला. गावाला तेव्हा सकाळचे सात वाजले असतील.

"उजवा बघ. अर्धं सूत कमी आहे."

मी मोजलं. होतं.